भरताचं भय कुणाच्या नावावर?

एम. ए. ला रससिद्धांत घोकावा लागतो. आठ रस, आठ स्थायीभाव, भयानकाचा रंग काळा, दैवत काळ. एवढं लिहिलं की मार्क पडतात. पण दोस्तहो, नाट्यशास्त्राचा सातवा अध्याय एकदा स्वतः उघडून बघा. भय म्हणजे काय, हे सांगताना भरत आधी ते कुणाचं हे सांगून मोकळा होतो. बायकांचं आणि नीच प्रकृतीच्या माणसांचं. वीराचा उत्साह मात्र उत्तम प्रकृतीच्या नावावर. सातबारा आधीच तयार!

'प्रकृती म्हणजे स्वभाव, जात नव्हे,' असं पंडित म्हणतील. बरं, तसं धरू. मग भयाची कारणं बघा. श्वापदं, अरण्य, ओसाड घर यांच्या रांगेत भरत गुरूचा किंवा राजाचा अपराध करणंही बसवतो. म्हणजे भ्याला तो आधीच गुन्हेगार. वर स्वभावानंच भित्रा. दोन्हीकडून तोच धरला. मारणाऱ्या हाताचा हिशेब कुठंच नाही. आणि उत्तम माणूस राजापुढं थरथरला तर? टीकाकार अभिनवगुप्त त्याचीही सोय लावतो. ते भय खरं नाही, विनयापोटी आणलेलं सोंग. आमची थरथर तेवढी अस्सल!

आता बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' घ्या. त्या नावाचा संग्रह १९६३ साली आला. रेल्वेत नोकरीला लागलेला नायक जात लपवतो. त्याला राजाची भीती नाही, श्वापदाची नाही. कुणी प्रेमानं जेवायला बोलावतो, त्याचीच भीती. त्यानं केलेला अपराध कोणता? जन्म. उघडकीला येतं आणि मार बसतो. भरताच्या यादीत हे कारण सापडत नाही, कारण यादी करणारा कधी मार खाणाऱ्याच्या जागी बसलेलाच नाही. तो प्रेक्षकात बसलाय, चव घेत.

त्याच कथेत काशिनाथ आहे. जात तीच, नोकरी तिथलीच. पण हा लपवत नाही, अंगावर येईल त्याच्याशी भिडतो, आणि नायकाला मारातून सोडवतोही तोच. भय स्वभावात असतं तर दोघंही सारखेच लपले असते. एकाच जातीतून निघालेली ही दोन माणसं. दलित कथेत 'भयानक रस' शोधणाऱ्या आपल्याच प्रबंधवाल्यांनी काशिनाथला कोणत्या प्रकृतीत घालायचं ते एकदा सांगावं.