पिवळ्या टोपीची 'आई'

किहीमच्या सुगरण पक्ष्यावर शाळकरी मुलांनी संगणकावर केलेली एक गोष्ट नुकतीच पाहण्यात आली. चित्रे, मुलांचा स्वतःचा आवाज व थोडे संगीत जुळवून दोन-तीन मिनिटांत गोष्ट सांगायची, याला डिजिटल कथाकथन म्हणतात. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजलेला हा प्रकार आपल्याकडे चित्रकलेच्या तासालाही येऊ लागला आहे. मुलांचे निवेदन ठसकेबाज होते. चित्रे मात्र इंटरनेटवरून उचललेली. पडद्यावर पिवळ्या टोपीचा पक्षी घरटे विणत होता आणि आवाज सांगत होता, "सुगरण आई पिल्लांसाठी घर बांधते आहे."

पिवळी टोपी असते नराला, तीही विणीच्या हंगामात. मादी चिमणीसारखी मातकट. घरटे विणतो तो नर. नाव स्त्रीलिंगी, त्यामुळे आपण मोठी माणसेही फसतो. मुलांना दोष नाही. पण दोन्ही पक्षी पाहून स्वतः रंगवायला बसले, की पिवळा रंग कोणाच्या डोक्यावर द्यायचा हा प्रश्न पडतोच. उचललेल्या चित्राने तो पडूच दिला नाही.

आणि ही चूक किहीमच्या गोष्टीत व्हावी! १९३० साली जर्मनीतून परतलेल्या सालिम अलींना नोकरी उरली नव्हती, म्हणून ते या गावी येऊन राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. तिचे त्यांनी केलेले निरीक्षण १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नर घरटे अर्धवट विणतो, माद्या येऊन ते तपासतात. एखादीने पसंत केले की तो ते पुरे करतो आणि मग दुसरीसाठी नवे घरटे विणायला घेतो.

म्हणजे खरी गोष्ट अर्धवट घरट्यात आहे. मुलांच्या गोष्टीत मात्र प्रत्येक चित्रात लांब नळीचे, पूर्ण, देखणे घरटे!

संगणकाशी माझे भांडण नाही. चित्रामागून चित्र दाखवत गोष्ट सांगणे पिंगुळीच्या चित्रकथींना केव्हापासून ठाऊक आहे. (त्यांची चित्रे अर्थात हाताने काढलेली.) शिवाय आवाज मुद्रित करताना मुले आपलेच वाक्य चार वेळा ऐकतात, हा लाभ थोडा नाही. क्रम तेवढा उलटवावा. पावसाळ्यात एकच घरटे ठरवून, लांबूनच, दर दोन दिवसांनी त्याचे पेन्सिलीने रेखाटन करावे, शेजारी तारीख घालावी. अशी सात-आठ रेखाटने झाली की त्यांचे फोटो काढून निवेदन लिहायला बसावे. घरटे मध्येच थांबलेले आढळले, तर ते चित्र गाळू नये.