मोंबासाच्या वाटेवरचं इस्राएल



गेल्या महिन्यात नातवाने एक इंग्रजी कादंबरी माझ्या हातात ठेवली. "सबा, यात दुसरंच इस्राएल आहे, आफ्रिकेतलं," एवढं म्हणाला आणि निघून गेला. पुस्तकाचं नाव 'अनहोली लँड', लेखक लावी तिधार, साल 2018. लेखक आपल्या इथल्याच दालिया किबुत्झवर जन्मलेले, पण लिहितात इंग्रजीत. अद्भुत कथा मला सहसा झेपत नाहीत. राक्षस आणि जादूच्या तलवारी आल्या की मी चष्मा काढून ठेवतो. हे पुस्तक मात्र दोनदा वाचलं, कारण त्याचा पाया खऱ्या इतिहासावर आहे.

तो इतिहास आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. 1903 साली किशिनेवमध्ये यहुद्यांची कत्तल झाली. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने हर्झल यांना पूर्व आफ्रिकेत जमीन देऊ केली. लोक तिला युगांडा म्हणत, पण ते उआसिन गिशूचं पठार आज केनियात आहे. बाझलच्या सहाव्या परिषदेत भांडणं झाली, रडारड झाली, आणि शेवटी 295 विरुद्ध 178 मतांनी पाहणीसाठी माणसं पाठवायचं ठरलं. इंग्रज मेजर गिबन्स, स्विस प्रवासी कायझर आणि इंजिनियर नाहूम विल्बुश असे तिघे गेले. (हे विल्बुश म्हणजे मान्या शोहात यांचे भाऊ.) जमीन आपल्या कामाची नाही, असं विल्बुश यांचं मत पडलं आणि 1905 च्या परिषदेने तो विषय बंद केला. हर्झल तोवर वारले होते.

तो विषय बंद झालाच नसता तर? कादंबरी इथून सुरू होते. तिच्यातल्या यहुदी देशाचं नाव पॅलेस्टिना आणि राजधानीचं अरारात सिटी. लिओर तिरोश नावाचा, फारसा कुणी न वाचणारा लेखक बर्लिनहून विमानाने या आपल्या मायदेशी परततो. बाप तिथे, बालपण तिथलं. देशाभोवती मोठी भिंत बांधली जात आहे. पूर्वी त्या जमिनीवर राहणारे आफ्रिकन भिंतीबाहेर गेले आहेत. मध्येच स्फोट होतात, रस्त्यांवर तपासणी चालते. तिरोशची भाची नाहीशी झालेली असते आणि तिचा शोध घेताना तो स्वतःच संशयात सापडतो. त्याच्या मागावर ब्लूम नावाचा सुरक्षा अधिकारी आहे. त्यालाही ठाऊक आहे, आणि आपल्यालाही हळूहळू कळतं, की हे जग एकटं नाही. अशी अनेक जगं शेजारी-शेजारी आहेत आणि काही माणसं एकातून दुसऱ्यात जातात.

कादंबरीतलं मला सर्वांत भावलेलं ते याच ठिकाणी. तिरोश जसजसा या देशात रुळतो, तसतसं मागे सोडलेलं आयुष्य त्याच्या मनातून पुसट होत जातं. कुठलं खरं, कुठलं वाचलेलं, हे त्याला कळेनासं होतं. यात जादू कमी आणि अनुभव जास्त आहे. माझा धाकटा भाऊ पनवेललाच राहिला. पहिली काही वर्षं त्याचं पत्र आलं की वाटे, मीसुद्धा तिथेच आहे, संध्याकाळी तळ्यावर फिरायला निघालो आहे. आता तो मी मला नीट दिसतही नाही. तुम्हालाही तसंच होत असेल. लेखकाने हे दोन-तीन ठिकाणी इतकं हलकेच लिहिलं आहे की मला पुस्तक मिटून बसावं लागलं.

रचना मात्र वाचकाला छळते. तिरोशविषयीचं सगळं 'तो' म्हणून, ब्लूमचं 'मी' म्हणून, आणि नूर नावाच्या बाईची प्रकरणं 'तू' म्हणून. कोण बोलतंय हे समजायला मला बोट ठेवून मागची पानं चाळावी लागली. शोधकथा म्हणून सुरुवात जोमदार आहे, पण शेवटाकडे लेखकाला घाई झाल्यासारखी वाटते. भाचीचा धागा हातातून सुटतो.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. भिंत, तपासणी नाके, हाकललेली माणसं, हा सगळा टोमणा आपल्या देशाला आहे हे इथे राहणाऱ्या कुणालाही कळेल. काहींना तो झोंबेल. मला झोंबला नाही, तो अपुरा वाटला. लेखकाचं म्हणणं असं दिसतं की जमीन बदला, भांडण तेच राहील. असेलही. पण जमीन माणसाला इतकंच करते का? आपले पूर्वज कोकणात उतरले आणि काही पिढ्यांत पेणकर, रोहेकर, चेऊलकर झाले. घाण्यावर बसले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे-नारळाचा मलिदा करू लागले. जमीन आपल्या ताटात आली, जिभेवर आली. अरारात सिटीत आफ्रिकेची हवा आहे, झाडं आहेत, पण तिथल्या यहुद्यांच्या अंगात आफ्रिका फारशी मुरलेली मला दिसली नाही. निम्म्याहून अधिक शतक ते तिथे आहेत आणि तरी वागण्याबोलण्यात युरोपातून कालच आल्यासारखे. माणसं तशी राहत नाहीत.

आणि आपले लोक? ते मला या देशात कुठे ठळक भेटले नाहीत. हे जास्त खटकलं, कारण या एका समांतर जगात आपण सर्वांत आधी पोचलो असतो. मोंबासापासून सरोवरापर्यंतची रेल्वे 1901 मध्ये हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी पुरी केली होती. तिथे चलनही रुपयाचंच होतं. एडनला आणि कराचीला नोकरीसाठी गेलेले आपले आजोबा-पणजोबा मुंबई बंदरातून मोंबासाची बोट सहज धरते. मग अरारातच्या स्टेशनात एखादा किहीमकर स्टेशनमास्तर असता आणि पठारावर नारळ मिळत नाही म्हणून त्याची बायको कुरकुरली असती. तिधार यांनी दुसरा भाग लिहिला तर ही बाई त्यांनी जरूर घ्यावी.

पुस्तक माझ्याकडे आहे. अक्षर बारीक आहे, पहिली चाळीस पानं नेटाने काढावी लागतात आणि 'तू'वाली प्रकरणं दिवसाउजेडीच वाचावी. कुणाला हवं असल्यास शब्बाथच्या प्रार्थनेनंतर सिनेगॉगच्या अंगणात मला सांगावं. फक्त नातवाला परत द्यायचं आहे.