जंगलाला खत, बेटाला खोकला

सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनला खत पुरवते, हे सांगणारा नासाचा २०१५चा छोटा व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. खाली बहुधा ‘निसर्गाची कमाल!’ असं लिहिलेलं असतं. मीही तो कित्येकांना पाठवलाय. आता मात्र तो पाहताना काहीतरी खटकतं.

गोष्ट थक्क करणारी आहे, यात वाद नाही. चाडमधलं बोडेले म्हणजे एका आटलेल्या प्रचंड तलावाचा तळ. तिथल्या सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांत फॉस्फरस असतो आणि वारा ती धूळ उचलतो. कॅलिप्सो उपग्रहाने हवेत लेसर सोडून ही धूळ किती उंचीवर आणि किती दाट आहे ते मोजलं. २००७ ते २०१३ या वर्षांच्या मोजणीवरून हिशोब निघाला, की दरवर्षी २ कोटी ७७ लाख टन धूळ ॲमेझॉन खोऱ्यात पडते आणि तिच्यासोबत २२ हजार टन फॉस्फरस येतो. पावसात आणि पुरात जंगल साधारण तेवढाच गमावतं. जमाखर्च जुळला.

फारच जुळला. नासाने तर बातमीत ही धूळ ट्रकांतही मोजून दाखवली: १,०४,९०८ ट्रक. शेवटचे आठ ट्रकसुद्धा सोडले नाहीत! मूळ शोधनिबंध उघडला तर तिथे आकडा आहे २.८ कोटी टन, आणि लगेच कंसात ८० लाख ते ४.८ कोटी. म्हणजे खरं उत्तर सहापटीच्या पट्ट्यात कुठेही असू शकतं. मी पोटापाण्यासाठी डॅशबोर्ड बनवतो. कंस काढला की स्क्रीन किती देखणी दिसते ते मला माहीत आहे, मीही काढलेत. पुढे २०१९ मध्ये फ्रेंच गयानातल्या मोजणीवरून निघालं, की ॲमेझॉनला पोचणाऱ्या फॉस्फरसमध्ये आफ्रिकेतल्या आगींच्या धुराचाही मोठा वाटा असू शकतो. फॉरवर्ड मात्र जुनंच फिरतंय.

त्याहून मोठी उणीव म्हणजे या गोष्टीत माणूसच नाही. धूळ फक्त जंगलावरच पडते असं थोडंच आहे? वाटेत कॅरिबियन बेटं आहेत. बार्बाडोसमध्ये जोसेफ प्रॉस्पेरो यांनी १९६५पासून हवेतली धूळ फिल्टरवर गोळा करायला सुरुवात केली. साहेलमधल्या दुष्काळाच्या वर्षांत तिथली धूळ वाढल्याचं त्या नोंदींतूनच कळलं. जून २०२०मध्ये ‘गॉडझिला’ म्हणून गाजलेला लोट आला तेव्हा तिथल्या लोकांना एवढंच हवं होतं: उद्या दम्याच्या पोराला बाहेर सोडायचं का?

याचं उत्तर उपग्रहाच्या सुंदर चित्रातून मिळत नाही. ते बहुतेकदा जमिनीपासून वरपर्यंतची सगळी धूळ एकत्र दाखवतं. सहाराची धूळ काही किलोमीटर उंचीवरूनही प्रवास करते. नकाशा लालभडक आणि नाकाशी हवा बरी, असंही होतं. २३ जानेवारी २०२२ला पाकिस्तानकडची धूळ अरबी समुद्रावरून मुंबईत उतरली, तेव्हा मी फोनवर असलंच चित्र न्याहाळत बसलो होतो. आईने दोरीवरचे कपडे कधीच आत घेतले होते.

म्हणून मला बार्सिलोनाच्या धूळ-अंदाज केंद्राचं पान त्या व्हिडिओपेक्षा सरस वाटतं. उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व आणि युरोपसाठी अनेक मॉडेलांचे नकाशे तिथे शेजारी शेजारी मांडलेले असतात. एकात लोट गडद दिसतो, तर दुसऱ्यात फिकट. भांडण झाकलेलं नाही. शिवाय अंदाज चुकला की दोन दिवसांत मोजणीशी ताडून उघडा पडतो. ‘दरवर्षी सरासरी’ या आकड्याला ती भीती नसते. कॅरिबियनसाठीचं असं काम बार्बाडोसमधूनच चालतं, म्हणजे धूळ जिथे नाकात जाते तिथूनच.

दिसायला हे पान अगदीच रुक्ष आहे. ज्यांना तो व्हिडिओ पाठवला होता, त्यांना आता मी ही लिंक पाठवतोय. अजून कुणी ‘कमाल’ म्हटलेलं नाही.