कूळकायदा : विहीर आणि विक्री

१९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्याच्या अंमलबजावणीविषयीचा दांडेकर व खुदानपूर यांचा अहवाल पुण्याच्या गोखले संस्थेने १९५७ साली प्रसिद्ध केला. कायदा बव्हंशी कागदावरच राहिला आणि कुळांचे ‘स्वखुशीचे’ राजीनामे संशयास्पद होते, हा त्याचा निष्कर्ष आता इतका सर्वमान्य झाला आहे की, त्यापुढे जाण्याची निकड अभ्यासकांस वाटत नाही. निष्कर्ष खरा आहे. परंतु केवळ अंमलबजावणीवर बोट ठेवल्याने, अमलात आलेल्या कलमांनी काय घडविले हा प्रश्न बाजूस पडतो.

राजीनामा केव्हा मागितला जाईल याचा नेम नसलेले कूळ बी-खतापलीकडे खर्च का करील? विहिरीत घातलेला पैसा फिटावयास वर्षे लागतात. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी बहुतेक कुळे कायद्याने खरेदीदार ठरली आणि ही धास्ती सरली. मात्र कलम ४३ ने जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विक्री, गहाण, पट्टा यांस मनाई केली. पुढे सरकारी व सहकारी कर्जाच्या तारणापुरती सूट मिळाली; म्हणजे विहिरीची वाट मोकळी झाली, विक्रीची नाही. हा भेद आम्हांस शहाणपणाचा वाटतो.

पवनाकाठच्या पिंपळे सौदागरसारख्या गावी मात्र त्याचा अर्थच पालटतो. नदीपलीकडे पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले; आज गावठाणाभोवती गृहसंकुले आहेत. जमिनीचे मोल पिकावर ठरेनासे झाले की, सात-बाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील कलम ४३ चा शेरा केवळ किंमत अडवून धरतो. शिवाय, औद्योगिक विकासासाठी राखलेले क्षेत्र अधिसूचनेने वगळण्याची मुभा कलम ८८ मध्ये होतीच. (हे कलम आमच्या वर्गांत क्वचितच वाचले जाते.) कुळाचा हक्क जेथे सर्वांत मोलाचा ठरणार, तेथेच तो उठविण्याची ही सोय.

२०१४ च्या सुधारणेनुसार, खरेदीस दहा वर्षे झाली असल्यास आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून परवानगीवाचून विक्री करता येते. जुन्या आकारणीची चाळीस पट म्हणजे शहरालगतच्या बाजारभावापुढे नाममात्र रक्कम. कुळाच्या वारसांस हे न्याय्यच आहे. परंतु १९५७ पूर्वी ज्यांच्याकडून राजीनामे घेतले गेले, त्यांच्या वारसांपाशी ना शेरा आहे, ना नजराणा भरण्याचा प्रसंग.