यादी चुकली की पिशवी? : एपीआय तपासणाऱ्या एका साधनाविषयी

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणाची चर्चा केली, आणि शेवटी आम्ही म्हणालो की पुढच्या वेळी संगणकाच्या एका साधनावर बोलू. काहींना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. आमचा पेशा तत्त्वज्ञानाचा. पण शब्द आणि वस्तू यांचा मेळ बसतो की नाही हे बघण्याचं काम जर कुणी यंत्राकडे सोपवलं असेल, तर ते काम कसं चाललंय हे बघायला आम्ही जाणारच.

आधी वस्तू समजून घेऊ. दोन संगणक-प्रणाली एकमेकींशी ज्या खिडकीतून बोलतात तिला एपीआय म्हणतात. त्या खिडकीवर काय मागायचं, कोणत्या नमुन्यात मागायचं, उत्तर कोणत्या नमुन्यात येईल, हे एका दस्तऐवजात लिहिलेलं असतं. त्याला स्पेसिफिकेशन म्हणतात. आम्ही करारपत्र म्हणू. असं करारपत्र लिहिण्याची आज सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे ओपनएपीआय. तिचं जुनं नाव स्वॅगर, आणि तिची सुरुवात झाली वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशाच्या कंपनीत. २०१५च्या अखेरीस ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली. शब्दकोशवाल्यांच्या घरी तिचा जन्म व्हावा हे आम्हाला उगीचच बरं वाटतं.

आजचं साधन म्हणजे स्कीमाथेसिस. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची: साधनाचं नाव, 'रन' हा शब्द, आणि करारपत्राचा पत्ता. मग ते करारपत्र वाचतं, स्वतःच शेकडो मागण्या रचतं, काही नियमात बसणाऱ्या, काही मुद्दाम नियम मोडणाऱ्या, त्या सर्व्हरकडे पाठवतं आणि उत्तरं करारपत्राशी ताडून बघतं.

यामागची कल्पना जुनी आहे. २०००मध्ये क्लासेन आणि ह्यूज या दोघांनी हॅस्केल भाषेसाठी 'क्विकचेक' मांडलं. त्यात उदाहरणं माणसाने लिहायची नाहीत. माणसाने नियम सांगायचा आणि यंत्राने तो मोडणारं उदाहरण शोधायचं. पुढे पायथन भाषेत 'हायपॉथेसिस' आलं, आणि स्कीमाथेसिस त्याच्यावरच उभं आहे. आपल्या न्यायशास्त्रात 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती, आणि ती मोडणारं उदाहरण म्हणजे व्यभिचार. शब्द ऐकून दचकू नका, शास्त्रातला अर्थ एवढाच आहे. तर हे साधन व्यभिचार शोधणारं यंत्र आहे. आणि शोधल्यावर ते एक फार शहाणी गोष्ट करतं: सापडलेलं उदाहरण लहान करत नेतं. समजा, वीस रकाने भरलेल्या अर्जावर सर्व्हर कोसळला. मग एकेक रकाना काढून, एकेक मूल्य साधं करून, ज्याशिवाय दोष दिसणारच नाही तेवढंच ते शिल्लक ठेवतं. वर पुन्हा ते करून बघण्यासाठी 'कर्ल'ची तयार आज्ञा हाती देतं. आम्ही आयुष्यभर प्रबंध तपासले. इतका नेमका आक्षेप घेणारे परीक्षक आम्हाला फार थोडे भेटले, आणि त्यांत आम्ही स्वतःला धरत नाही.

इथपर्यंत कौतुक. आता आम्हाला जे खुपलं ते.

आमचा एक जुना विद्यार्थी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभासद-नोंदणीचं काम त्याच्या गटाकडे होतं. त्याने आमच्यासमोर हे साधन चालवून दाखवलं. करारपत्रात सभासदाचा मोबाइल क्रमांक ऐच्छिक होता. यंत्राने मोबाइलशिवाय मागणी पाठवली आणि सर्व्हर पडला, तो प्रसिद्ध ५०० क्रमांक आला. लहान केलेलं उदाहरण असं: नावाच्या जागी नुसता '०', आणि मोबाइल नाही. बस. गटातल्या एकाने अर्ध्या तासात दुरुस्ती केली. मोबाइल नसेल तर सर्व्हर आता सभ्यपणे नकार देऊ लागला, आणि करारपत्रात 'मोबाइल आवश्यक' असं लिहिलं गेलं. पुन्हा आज्ञा दिली, सगळं हिरवं. चहा झाला.

पण तो रकाना ऐच्छिक का होता? ग्रंथालयाच्या कार्यकारिणीने तसं ठरवलं होतं. तिथल्या बऱ्याच वयस्कर वाचकांकडे, विशेषतः बायकांकडे, स्वतःचा फोन नव्हता. करारपत्रातला तो एक शब्द म्हणजे एका बैठकीचा निर्णय होता. दुरुस्तीत तो शब्द गेला, आणि यंत्राने त्या दुरुस्तीला उत्तीर्ण केलं. विद्यार्थ्याला हे कळलं ते ग्रंथपालबाईंचा फोन आल्यावर. दोन आजींना नोंदणी नाकारून परत पाठवावं लागलं होतं.

इथे आम्हाला एलिझाबेथ अँसकोम आठवतात. 'इंटेन्शन' या १९५७च्या पुस्तकात त्यांनी एक साधं उदाहरण दिलंय. एक माणूस सामानाची यादी घेऊन बाजारात फिरतोय, आणि एक गुप्तहेर त्याच्या मागे राहून त्याने काय घेतलं ते टिपतोय. शेवटी दोन्ही कागद सारखेच दिसतील. पण पिशवीतलं सामान आणि कागद जुळला नाही, तर चूक कुणाची? गुप्तहेराचा कागद चुकला असेल तर त्याने कागद दुरुस्त करावा. यादीवाल्याने मात्र घरी येऊन तुरीची डाळ खोडून मसूर लिहिली, तर घरातलं माणूस काय म्हणेल ते सांगायला नको.

ओपनएपीआयचं करारपत्र दोन्ही प्रकारे जन्माला येतं. काही ठिकाणी आधी विचार करून लिहितात आणि मग त्याबरहुकूम सर्व्हर बांधतात; ती यादी. काही ठिकाणी सर्व्हरच्या कोडमधूनच ते आपोआप तयार होतं, फास्टएपीआयसारख्या चौकटी ते करून देतात. ती गुप्तहेराची नोंद. फाइल उघडून बघितलीत तर फरक दिसणार नाही. आणि स्कीमाथेसिस तो विचारतच नाही. ते म्हणतं, जुळत नाही. कुठल्या बाजूने जुळवायचं, यावर गप्प.

गप्प तरी पूर्ण आहे का? त्याच्या अहवालातली भाषा बघा. उत्तराचा नमुना वेगळा आला तर ते म्हणतं, उत्तराने स्कीमाचं उल्लंघन केलं. म्हणजे दोषी सर्व्हर. पण करारपत्रात नसलेला स्टेटस कोड आला तर म्हणतं, हा कोड दस्तऐवजात नोंदलेला नाही. म्हणजे उणीव कागदात. तीच विसंगती, पण एकदा कागदाला यादी मानलं आणि एकदा नोंद. हा शब्दांचा कीस नाही. घाईत काम करणारा मुलगा अहवालातलं वाक्य वाचतो आणि वाक्य ज्याच्याकडे बोट दाखवतं ते बदलतो. साधन करणाऱ्यांना आमची विनंती एवढीच की सुरुवातीलाच एक प्रश्न विचारा: या प्रकल्पात प्रमाण कोण? आणि अहवालाची भाषा त्या उत्तरावरून ठरू द्या.

दुसरी मर्यादा साधनाची कमी आणि करारपत्राच्या भाषेची जास्त आहे. पुस्तक नेल्याची तारीख आणि परत करायची तारीख, दोन्ही तारखाच असाव्यात एवढं त्या भाषेत लिहिता येतं. दुसरी पहिलीच्या नंतरची असावी, हे तिच्या नेहमीच्या नियमांत लिहिता येत नाही. माणसं ते वर्णनाच्या रकान्यात साध्या वाक्यात लिहितात, आणि त्यातून यंत्राला तपासण्याजोगा नियम मिळत नाही. मग नेण्याच्या आधी परत केलेलं पुस्तक सर्व्हरने मुकाट्याने स्वीकारलं तरी निकाल हिरवा. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण तो आप्ताचा हवा अशी अट घालतात. म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो खरं सांगतो अशाचा. इथे अट एकच दिसते: शब्द वाचता येण्याजोग्या रकान्यात असावा.

तरीही साधन वापरू नका असं आम्ही म्हणणार नाही. मोबाइलशिवाय येणारी ती मागणी यंत्राने रचली नसती, तर सर्व्हर पहिल्यांदा पडला असता तो त्या आजींसमोर. यंत्राने प्रश्न बरोबर विचारला होता, उत्तर माणसांनी चुकीचं दिलं.

विद्यार्थ्याने पुढे काय केलं ते सांगून थांबतो. ओपनएपीआयमध्ये 'एक्स' आणि आडवी रेघ यांनी सुरू होणारे स्वतःचे रकाने घालायची मुभा आहे. त्याने मोबाइल पुन्हा ऐच्छिक केला, सर्व्हर खरोखर दुरुस्त केला, आणि त्या रकान्याला जोडून 'एक्स-निर्णय' असा एक रकाना लिहिला: कार्यकारिणीची बैठक, तिची तारीख, आणि 'फोन नसलेल्या वाचकांसाठी' हे कारण. यंत्र तो रकाना ओलांडून पुढे जातं. पण आता त्या ओळीला हात लावायला जो कुणी फाइल उघडेल, त्याला तो दिसतो. आम्ही विचारलं, असे किती रकाने लिहिलेस? म्हणाला, सर, आत्तापर्यंत चार. बाकीच्यांची कारणं विचारायला ग्रंथपालबाईंकडे परवा जातोय.