यंत्र, प्रार्थनाघर आणि धोटा

यंत्र आले की जुना समाज आपोआप मोडतो, असे आपल्याकडील पुरोगामी व्याख्यानांतून सर्रास सांगितले जाते. ई. पी. थॉम्पसन यांचा ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास’ (1963) हा ग्रंथ या समजुतीची झाडाझडती घेतो. कार्यकर्त्यांनी तो मुळातून वाचला पाहिजे.

हातमागवाल्यांचे प्रकरण त्यातले सर्वांत कसदार. बाप मागावर, बायको-पोरे कांड्या भरण्यावर. सारे घर एका छपराखाली राबे. कारखान्याच्या घंटेने ते घर विसकटले. सुती गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुले लावण्यास 1819 च्या कायद्याने बंदी केली खरी, पण तपासणीला सरकारी निरीक्षक आले ते 1833 च्या कायद्याने! उलट यंत्रे फोडणाऱ्या लडाइटांना फाशी देणारा कायदा 1812 सालीच तयार होता. हे लोक अडाणी यंत्रद्वेष्टे नव्हते, ते आपला मोबदला आणि कसबाचे जुने हक्क राखत होते, हे थॉम्पसन पुराव्यानिशी दाखवतात.

धर्माविषयी त्यांची लेखणी अधिकच धारदार होते. मेथॉडिस्ट पंथाने गरिबाला प्रार्थनाघरात जागा दिली आणि त्याच वेळी गिरणीला हवी असलेली शिस्त त्याच्या अंगी मुरवली. हरलेल्या माणसाला परलोकाची आशा पुरवणारा धर्म मालकाच्या कसा उपयोगी पडतो, हे आपल्याला नव्याने शिकायला नको.

तरी ग्रंथात एक मोठी पोकळी आहे. लँकेशायरच्या चात्यांवर चढणारा बहुतांश कापूस अमेरिकेतील काळे गुलाम वेचत होते. इंग्रज कामगाराच्या या घडणीत त्यांना जवळजवळ स्थान नाही.

आणि तेच यंत्र मुंबईत आले तेव्हा काय झाले? धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. लँकेशायरात या रीतीविरुद्ध ओरड झाली ती रोगाच्या भीतीने. मुंबईत सवर्ण विणकरांना विटाळ दिसला, आणि जास्त मजुरीचे साचेखाते अस्पृश्यांना बंद राहिले. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. मुंबईच्या कामगारवर्गाची घडण लिहिणाऱ्या आपल्या इतिहासकारांनी या धोट्याला किती पाने दिली, हे त्यांना विचारायला हवे.