मोकळ्या आकाशाखालचे स्तोत्र

'यू टू' हा आयरिश बँड गेली चार दशके खुल्या मैदानांतून गात आला आहे. त्याचे 'फॉर्टी' हे गीत ख्रिस्ती वाचकाने तरी 'तरुणांचा गोंगाट' म्हणून बाजूला सारू नये, कारण ते स्तोत्रसंहितेतील चाळिसावे स्तोत्रच आहे.

'वॉर' (१९८३) ही ध्वनिमुद्रिका डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत पूर्ण होत होती. वेळ संपत आला होता आणि बास गिटारवादक अ‍ॅडम क्लेटन घरी गेला होता. एका अर्धवट चालीला शब्द हवे होते, म्हणून उरलेल्या तिघांनी बायबल उघडले. गायक बोनोने स्तोत्राचा केवळ आरंभ घेतला : धीराने प्रभूची वाट पाहणारा, चिखलातून वर काढला गेलेला, खडकावर पाय रोवून नवे गीत गाणारा भक्त. मूळ स्तोत्र मात्र तेथे थांबत नाही. उत्तरार्धात संकटे पुन्हा घेरतात आणि उपकारस्तुतीचा विलाप होतो. गीतात हा भाग नाही. त्याच्या जागी सहाव्या स्तोत्रातील, आणखी किती काळ कंठायचा, हा प्रश्न ध्रुवपद होऊन येतो. ही निवड मला अत्यंत मार्मिक वाटते. आभार मानतामानताच माणूस पुन्हा विचारू लागतो, आणि गाळलेला सगळा उत्तरार्ध त्या एका प्रश्नात सामावतो.

या गीताचे खरे रूप मात्र स्टुडिओत नव्हे, तर लोकांसमोर प्रकटते. ५ जून १९८३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हरजवळच्या रेड रॉक्स येथे, दोन प्रचंड तांबड्या खडकांच्या मधोमध असलेल्या खुल्या रंगमंचावर, भर पावसात हा कार्यक्रम झाला. त्याचा चित्रपट उपलब्ध आहे. खडकावर उभे केल्याबद्दल आभार मानणारे स्तोत्र खडकांच्याच कुशीत गायले जावे, हा योगायोग. त्यातून दैवी संकेत काढण्याचा मोह आवरलेला बरा. महत्त्वाचे आहे ते पुढचे. ध्रुवपद लोकांच्या ओठी बसले की प्रथम गायक मंच सोडतो. मग एकेक करून गिटारवादक जातात. शेवटी लॅरी मलनचा ड्रमही थांबतो. गीत मात्र चालूच राहते, कारण आता ते लोकांचे झालेले असते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीतील लोरेलाय येथील खुल्या महोत्सवात झालेले ध्वनिमुद्रण 'अंडर अ ब्लड रेड स्काय' या ध्वनिमुद्रिकेत आहे. तेथेही अखेर उरतो तो जनसमुदायाचाच आवाज.

येथे आपल्या गायकवृंदांची आठवण होणे अपरिहार्य आहे. भाविकांनी उपासनेत सक्रिय सहभागी व्हावे असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले. तरीही कितीतरी धर्मग्रामांत कीबोर्ड आणि ध्वनिक्षेपक यांच्यापुढे भाविक ओठ मिटून उभे असतात. चाली उत्तम असतात, गळेही तयार असतात. पण गीत लोकांच्या हाती देऊन आपण मागे सरावे, ही कला आमच्या गायकवृंदांना अद्याप साधलेली नाही. ('आमच्या' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो.)

या बँडचा भारतातील पहिला कार्यक्रम १५ डिसेंबर २०१९ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. धर्मग्रामातील काही तरुणांसमवेत तो मी पाहिला. पहिली काही गीते गर्दीत शिरलेल्या छोट्या मंचावर, पडद्याच्या साहाय्याविना झाली, आणि तोच भाग सर्वांत जिवंत होता. पुढे साठ मीटर रुंदीचा पडदा उजळला. त्यावरील वाळवंटाची दृश्ये नेत्रदीपक होती यात शंका नाही. परंतु गाणारे लोक त्या क्षणी पाहणारे झाले. मंचावरची चार माणसे मुंगीएवढी दिसू लागली.

अपवाद 'आय स्टिल हॅवन्ट फाउंड व्हॉट आय अ‍ॅम लुकिंग फॉर' या गीताचा. १९८७ सालचे हे गीत मैदानाने स्वतःच्या गळ्याने गायले. क्रुसावरील श्रद्धेची त्यात उघड कबुली आहे, तरी शोध संपलेला नाही असेही ते म्हणते. आमच्या काही पालकांना हा अविश्वास वाटतो, आणि मुलांनी असले काही ऐकावे का, असे ते मला विचारतात. तो दिवस आगमनकाळाचा तिसरा रविवार होता. सकाळच्या मिस्सात संत याकोबाच्या पत्रातील उतारा होता, पावसाची धीराने वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचा. त्या शेतकऱ्याला कोणी अविश्वासी म्हणत नाही.